दानीएल कुठल्या गावचा

बैठकीत इनोके राटुवा बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याची बायको आसेनाथा हिने मागून त्याचा कमरेला गुंडाळलेला सुलू ओढला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचे तीन आठवडे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होती, की मी ओढला होता, यानेच ऐकलं नाही.

पण इनोकेला बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पाणीखात्याच्या सुवा शहरातल्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्याची उभी हयात गेली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या, वर तोंड गोड ठेवायचं. त्याच्या स्वतःच्या तक्रारींनी जायचं कुठे? त्या सगळ्या आठवडाभर तुंबत आणि रविवारी, चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या मंडळीच्या बैठकीत फुटत. छप्पर, वाजंत्री, मागच्या बाकांवरच्या बायकांची कुजबुज, काहीही असो, इनोकेला त्यावर दोन शब्द बोलायचे असतच.

त्या रविवारी विषय उपासाचा होता. नवे पाळक रोपाते हे तरुण, काटकुळे आणि नुकतेच शिकून आलेले. त्यांनी सुचवलं की या वर्षी आपण बायबलमधल्या दानीएलाचा उपास करू. तीन आठवडे मांस नाही, मासे नाहीत, दूध नाही, साखर नाही, चहा नाही. भाज्या, फळं, कडधान्यं आणि पाणी. राजाच्या ताटातलं नाकारून दानीएल त्यावर राहिला आणि सगळ्यांपेक्षा गुटगुटीत दिसला.

"उपासाला माझी हरकत नाही," इनोके म्हणाला. "माझी हरकत आपल्या उपासांना आहे. गेल्या वर्षी काय झालं? सकाळचा नाश्ता सोडला आणि दुपारी दोन ताटं चेपली. एका सद्गृहस्थांनी, नाव घेत नाही, ते माझ्या मागेच बसलेत, उपासाला टिनच्या डब्यातली मासळी खाल्ली. का, तर म्हणे डब्यातली मासळी ही मासळी नसते, तो किराणा असतो. उपास करायचा असेल तर शिस्तीने करा, नाहीतर देवाची फसवणूक करू नका."

मागे बसलेले सद्गृहस्थ म्हणजे वाटिसोनी, इनोकेचा सख्खा आतेभाऊ. आमच्याकडे आतेमामे भाऊ एकमेकांचे 'तवाले' असतात. तवालेने तवालेची मनसोक्त टर उडवायची आणि ज्याची उडवली त्याने रागवायचं नाही, हा रिवाज. इनोकेसारख्या, रागावरच जगणाऱ्या माणसाला देवाने वाटिसोनीसारखा तवाले द्यावा, हा अन्याय होता. त्याबद्दल तक्रार करायला मात्र खिडकी नव्हती.

"शिस्त हवी हे अगदी खरं," पाळक म्हणाले. "मग या उपासाचं नेतृत्व इनोकेभाऊंनीच करावं. शेवटच्या रविवारी त्यांनी मंडळीसमोर साक्षही द्यावी, या उपासाने काय शिकवलं त्याची."

पहिली टाळी वाटिसोनीची पडली. मागून सगळ्यांची.

घरी जाताना आसेनाथा गाडीत एवढंच म्हणाली, "उपास तू धरलायस. मी शाळेतून दमून येते, दोन चुली मांडणार नाही." आणि तिने शब्द पाळला. रोज संध्याकाळी घरात नारळाच्या दुधात मासे शिजत होते आणि इनोके व्हरांड्यात बसून उकडलेला भोपळा खात होता. वारासुद्धा नेमका स्वयंपाकघराकडून व्हरांड्याकडे वाहायचा. एरवी कधी वाहायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात नियमांचा घोळ झाला. अळूची पानं चालतात, पण नारळाच्या दुधाशिवाय अळूची पानं म्हणजे काय, असा बायकांचा सवाल होता. दानीएलाच्या देशात नारळ होता का, हे विचारायला इनोकेने पाळकांना फोन केला. पाळक म्हणाले, बघून सांगतो. त्यांनी बघून सांगितलं नाही. तेव्हा इनोकेने आपल्या अधिकारात नियम केला की जे चवीला चांगलं लागतं ते वर्ज्य समजावं. नारळाचं दूध गेलं, आणि त्याच्याबरोबर निम्म्या बायका गेल्या.

मग यांगोनाचा, म्हणजे संध्याकाळी पुरुष गोल बसून पितात त्या गुंगीच्या पेयाचा, प्रश्न आला. पुरुष मंडळी तो सोडवायला वाटिसोनीच्या अंगणात जमली. इनोके पोचला तर मधोमध लाकडी परात मांडलेली, यांगोना घोळून तयार, आणि करवंटी फिरायला लागलेली.

"हे काय?" इनोके म्हणाला.

"कोरड्या घशाने चर्चा होत नाही, तवाले," वाटिसोनी म्हणाला. "बस. आता मला सांग, यांगोना म्हणजे काय? मूळ. मुळा, गाजर, रताळं हे काय? तेही मूळ. म्हणजे यांगोना ही भाजी झाली. त्यात आपण घालतो काय? पाणी. भाजी आणि पाणी. दानीएल यापेक्षा वेगळं काय घेत होता?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इनोकेचाही घसा कोरडाच होता. खरं सांगायचं तर त्यालाही हा युक्तिवाद फारच आवडला. पण ज्याने भर बैठकीत शिस्तीचं नाव घेतलं, त्याला भाजी म्हणून यांगोना पिता येत नाही, हे त्याला कळत होतं. इतकं कळावं याचाच त्याला राग आला.

"चालणार नाही," तो म्हणाला.

"ठीक आहे," वाटिसोनी म्हणाला आणि त्याने करवंटी पुढच्याला दिली. त्या संध्याकाळी पुरुषांचा उपास संपला.

आठवड्याच्या शेवटी उपासाला तिघंच उरले. इनोके, पाळक आणि एक दात नसलेली विधवा, जी एरवीही उकडलेलंच खायची. दुसऱ्या आठवड्यात पाळकांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी त्यांना अंडी खायला सांगितली. विधवा मुलीकडे नाताबुआला गेली. ज्याने उपासावर टीका केली होती तो एकटा उपास करत राहिला, आणि ज्यांनी उपास ठरवला होता ते रोज त्याला विचारत राहिले, "काय इनोके, कसं चाललंय?"

खरा आधार मिळाला तो कुंपणापलीकडून. शेजारच्या सुभागमतीमावशी चाळीस वर्षं मंगळवार करत होत्या. उपासाच्या धंद्यात मुरलेल्या बाई त्या. हा नवशिक्या काय करतोय ते त्या पहिल्या दिवसापासून कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"दूध नाही?" त्या म्हणाल्या. "पेढा नाही? केळ्यावर साखरसुद्धा नाही? मग तुझा देव रागावलाय का तुझ्यावर?"

"रागावलेला नाही मावशी. नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"मीच."

"मग मोड की."

"तसं नाही मोडता येत."

मावशी कुंपणाजवळ आल्या. "उपासाची पहिली गोष्ट तुला कुणी शिकवली नाही, इनोके. उपास आपला आपण करायचा. गावात दवंडी पिटली की मोडायचीही सोय राहत नाही." मग त्यांनी कुंपणावरून डाळीचं पातेलं दिलं. त्या डाळीवर इनोके जगला. साक्षीत तिचा उल्लेख करावा की करू नये, यावर त्याने बराच विचार केला आणि करू नये असं ठरवलं, कारण डाळ चवीला चांगली लागत होती.

कचेरीतही स्वस्थता नव्हती. सकाळच्या चहाला कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा केक असायचाच. पहिल्या केकला नाही म्हटलं तेव्हा लोक हसले, दुसऱ्याला म्हटलं तेव्हा एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्या केकनंतर वरिष्ठ बाईंनी त्याला आत बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "काही सांगायचंय का?"

"उपास आहे."

"अजून चालूच?"

"अजून."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. इनोकेचा कोट खांद्यावरून लोंबत होता, गाल बसले होते. अधूनमधून खिडकी सोडून खात्याची गाडी घेऊन गळती तपासायला जाणाऱ्या माणसाला भर रस्त्यात चक्कर आली तर जबाबदार कोण? दाखला आणा, मग गाडीची किल्ली मिळेल.

म्हणून इनोके मोठ्या इस्पितळात गेला. पहिल्या खिडकीने त्याला तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिसरी म्हणाली, आधी वजन करून या. वजनाच्या खोलीत सांगितलं, पहिल्या खिडकीवरून कागद आणा. पहिली खिडकी तोवर जेवायला गेली होती. इनोकेने स्वतः जन्मभर लोकांना असंच फिरवलं होतं, पण ते नियमाला धरून. इथे चालला होता तो निव्वळ छळ होता. पाय दुखायला लागले तसा तो एका बाकावर बसला. त्या बाकावरचा पंखा तेवढा चालू होता.

पंखा चालू असलेला बाक साखरेच्या पायांचा होता. साखर वाढून ज्यांच्या पायांना जखमा झाल्या, त्यांची तपासणी तिथे व्हायची. त्यातल्या कितीकांचा पाय पुढे कापावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. समोर कंदावू बेटावरची, इनोकेच्या गावाला लागून असलेल्या गावची एक बाई भावाला घेऊन आली होती. तिने इनोकेला ओळखलं. त्याचे बसलेले गाल बघितले, लोंबणारा कोट बघितला, तो कुठल्या बाकावर बसलाय ते बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात धरला.

इनोकेला वाटलं, बाई भावासाठी रडतेय. अशा वेळी धीर द्यायचा असतो. तो गंभीरपणे म्हणाला, "देवाची इच्छा. एक गेला तरी एक राहतो."

बाई हमसाहमशी रडायला लागली.

दुपारी डॉक्टरांनी त्याला तपासलं. "गेल्या दहा वर्षांत तुमची तब्येत इतकी चांगली नसेल," ते म्हणाले. "काय करताय ते चालू ठेवा." इनोकेला हा अपमान वाटला. तीन आठवडे मरायचं आणि कागदावर 'उत्तम' लिहून घ्यायचं. दाखला मिळाला, गाडीची किल्ली मिळाली, आणि त्याला वाटलं प्रकरण मिटलं.

बाईने त्याच संध्याकाळी गावी फोन केला होता. गावात बातमी पोचली तेव्हा इनोकेचा एक पाय कापायचा होता. टेकडीपलीकडच्या वस्तीत ती गेली तेव्हा दोन्ही कापून झाले होते. गावच्या प्रमुखाच्या घरी पोचेपर्यंत माणूस चारआठ दिवसांचा सोबती उरला होता, आणि जाता जाता काय म्हणाला, तर देवाची इच्छा.

शनिवारी सकाळी, उपास संपायला जेमतेम दीड दिवस उरला असताना, त्याच्या घरासमोर एक मालमोटार थांबली. रात्रभर बोटीत वांत्या करत आलेली चाळीसेक माणसं तिच्यातून उतरली. त्यांच्यामागे दालोच्या कंदांच्या जुड्या, यांगोनाचे भारे, चटयांच्या गुंडाळ्या आणि पाय बांधलेलं एक जिवंत डुक्कर. सगळ्यांत पुढे आत्या सेनिमिली. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली. गेल्या कित्येक वर्षांत तिने बेट सोडलं नव्हतं. ती इनोकेच्या वडलांची थोरली बहीण, आणि वाटिसोनीची आई.

इनोके दारात उभा होता. आत्या त्याच्याशी काही बोलली नाही. खाली वाकून तिने त्याच्या सुलूची कड उचलली आणि आत बघितलं.

"दोन्ही आहेत," तिने मागे वळून लोकांना सांगितलं.

"असणारच, आत्या," इनोके म्हणाला. "माझेच आहेत."

"मग आम्ही बोट कशाला धरली?"

जिवंत असल्याबद्दल माफी मागायची? चाळीस माणसं समुद्र तुडवून आलेली, उन्हात उभी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच भाव, की याने फसवलं. कुणीतरी मागून म्हणालंही, "पाय नाही तर नाही, पण दुसरं काहीतरी असेल. केवढा वाळलाय बघा." तेवढ्याने त्या लोकांना जरा बरं वाटलं.

आसेनाथाने सगळ्यांना सावलीत बसवलं. वाटिसोनीला कुणीतरी कळवलं, तो धावत आला, हकीकत ऐकली आणि कुंपणाला धरून खाली बसला. हसता हसता त्याला श्वास घेता येईना. इनोकेला रागवायची परवानगी नव्हती.

आत्या चटईवर टेकली आणि तिने इनोकेला समोर बसवलं. "आता सांग. का खात नाहीस?"

"उपास आहे, आत्या. भाजी आणि पाणी. दानीएलाचा."

"कोण दानीएल? कुठल्या गावचा?"

"बायबलमधला, आत्या."

"तो होय." आत्या विचारात पडली. "सिंहांच्या गुहेतला. त्याची घरची माणसं कुठे होती तेव्हा?"

"नव्हती. त्याला धरून परक्या मुलखात नेला होता."

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून पालापाचोळा खाऊन राहिला बिचारा. तुला काय धाड भरलीय?"

मंडळीतल्या कुणालाच, शिकून आलेल्या पाळकांनाही, हा मुद्दा सुचला नव्हता. इनोके म्हणाला, "मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. उद्या दुपारी सुटतो."

तोवर अंगणात खड्डा खणून झाला होता, दगड तापले होते. डुक्कर जमिनीत गेलं, वर पानं आणि माती पडली. दुपारी खड्डा उघडला तेव्हा सगळी गल्ली वासाने थांबली. बस थांब्यावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. आत्याने सगळ्यांत चांगला तुकडा निवडला, पानावर घेतला आणि स्वतःच्या हाताने इनोकेच्या तोंडापुढे धरला.

थोरल्या आत्याने हाताने दिलेला घास नाकारणं आमच्याकडे होत नाही. तसं केलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. आणि कुंपणाशी वाटिसोनी उभा होता, आता न हसता. खाल्लं तर उद्या साऱ्या सुव्यात गोष्ट होणार, की शिस्तवाल्या इनोकेने शेवटच्या दिवशी डुक्कर खाल्लं. नाही खाल्लं तर साऱ्या कंदावूत गोष्ट होणार, ती तर नातवंडांपर्यंत.

इनोकेच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. इतकी भूक त्याला तीन आठवड्यांत लागली नव्हती.

"आत्या," तो म्हणाला. "उद्या तुझ्या हाताने खाईन. आज नको."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग तुकडा पानात ठेवला आणि पान झाकलं. "झाका सगळं," ती म्हणाली. "हा काय खाणार असेल ते आणा. तेच आम्ही खाऊ."

"आई," वाटिसोनी घाईने पुढे आला, "मी काही कंदावूहून आलेलो नाही. मी इथलाच."

"तू माझ्या पोटातून आलायस. बस खाली."

तेव्हा इनोकेला चाळीस माणसांसाठी उकडलेला भोपळा आणि घेवडा करावा लागला. सुभागमतीमावशींनी मोठ्या हंड्यात डाळ चढवली आणि कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मधोमध पानांखाली भाजलेलं डुक्कर, भोवती चाळीस माणसं भोपळा खात बसलेली. "आमच्यातही कडक उपास असतात," त्या म्हणाल्या, "पण पदार्थ समोर मांडून नाही बाई."

पोरांना आत्याने सूट दिली होती. पोरं मोठ्यांच्या डोळ्यांदेखत हाडं चोखत हिंडत होती. मोठी माणसं खाली मान घालून घास गिळत होती. कंदावूचा एक म्हातारा, ज्याने तरुणपणी वादळात दोन दिवस उलट्या होडीला धरून काढले होते, त्याने भोपळ्याचा तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि इनोकेला विचारलं, "हे तू तीन आठवडे खातोयस?"

"हो."

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यापेक्षा पाय गेलेला बरा रे, पोरा."

वाटिसोनी भोपळ्याकडे अशा नजरेने बघत होता, की भोपळ्यानेच त्याचं काही वाईट केलंय. तीन आठवड्यांतलं इनोकेचं पहिलं सुख ते. पण तेही धड भोगता आलं नाही, कारण संध्याकाळभर पाहुणे एकमेकांना हळूच विचारत होते की याने हे आधी का नाही सांगितलं, आणि दोष फिरून त्याच्याच पदरात पडत होता. बोटीत वांत्या झाल्या, तो दोष त्याचा. डुक्कर गार झालं, तोही.

रविवारी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. इनोकेने साक्ष नीट पाठ केली होती. त्यात देहाचा संयम होता, जिभेवरचा ताबा होता, आत्म्याचं हलकेपण होतं, आणि अर्ध्या तासाचा मजकूर होता. तो उभा राहिला आणि त्याने समोर बघितलं. पहिल्या तीन बाकांवर कंदावू बसलं होतं. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आत्या वाटिसोनीच्या खांद्याला टेकली होती आणि तिचे डोळे मिटत होते. पाठ केलेलं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. राग तेवढा जागेवर होता.

"उपासाने काय शिकवलं ते मला सांगायचंय," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, उपास ही माझी आणि देवाची गोष्ट आहे. पण तसं इथे कुणी होऊ देईल तर शपथ. बायकोने मासे शिजवले, बाईंनी दाखला मागितला, डॉक्टरांनी उत्तम म्हटलं. मावशींनी डाळ दिली, ती मी सांगणार नव्हतो. आणि या लोकांनी नुसतं कानावर आलं तर बोट धरली. काल माझ्यासाठी भोपळा खाल्ला यांनी. मी सांगितलं नव्हतं खा म्हणून. मी एकट्याने धरलेला उपास होता. पण या बेटांवर माणसाला एकट्याने उपाशी राहायचीसुद्धा सोय नाही. एवढंच शिकलो. आत्याला भूक लागलीय. आमेन."

तो खाली बसला. मग पाळकांनी शेवटची प्रार्थना त्यांच्या आजवरच्या कारकिर्दीतली सगळ्यांत छोटी केली.

अंगणात आत्याने पान उघडलं. कालचं डुक्कर पुन्हा तापवलेलं होतं, तरी चांगलं होतं. पहिला घास तिने इनोकेला भरवला, दुसराही भरवला. तिसऱ्याला त्याचं पोट भरलं. आक्रसलेलं पोट, त्याला दोन घासांवर काही मागता येईना. चाळीस माणसं आणि अख्खी मंडळी हात मनगटापर्यंत चरबीत बुडवून जेवत होती, आणि ज्याच्या नावाने हे सगळं होतं तो पान मांडीवर घेऊन बघत बसला होता. आसेनाथा शेजारी येऊन बसली, तिने त्याचं पान आपल्याकडे ओढलं आणि खायला लागली. "वाया नको जायला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं बोललास तू." या वेळी तिने सुलू ओढला नव्हता.

बोट मंगळवारी परत जाणार होती. इनोके आणि वाटिसोनी धक्क्यावर सामान चढवत होते. शेवटी एक चटईची गुंडाळी राहिली, जाड, बारीक विणीची, कडेला रंगीत लोकरीची झालर. इनोकेने ती उचलली तशी आत्या म्हणाली, "ती नाही. ती तुझी."

"झोपायला आणली होतीस ना?"

"झोपायला नाही. मला गुंडाळून पुरायची ती. तीन पावसाळे विणत होते. तू आधी जातोयस असं कळलं तेव्हा म्हटलं, पोराकडे काही नसणार, शहरातल्या माणसाचं कोण विणतं?"

"पण आत्या, मी जात नाहीये."

"ते दिसतंय मला."

"मग तू परत ने. तुला लागेल."

"दिलेली वस्तू बोटीत परत चढवत नाहीत." तिने त्याचे दोन्ही गाल हातात धरले, अजून बसलेलेच होते, आणि नाक त्याच्या कपाळाला लावून एक लांब श्वास घेतला. "घरात ठेव. घाई नाही. मी दुसरी विणायला घेते. ती होईपर्यंत मलाही कुठे जाता येत नाही."

मग ती दोघांच्या हातांना धरून फळीवरून बोटीत गेली, आणि वर जाऊन तिने मागे वळून बघितलंही नाही, कारण बोट सुटताना बघितलं की तिला मळमळायचं.

धक्क्यावरून परतताना गुंडाळी इनोकेच्या खांद्यावर होती. जड होती. ज्या माणसाने कुणाचं काही घेतलं नव्हतं, कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्याला पुरायची चटई कामाच्या दिवशी, भर दुपारी, बसच्या रांगेसमोरून न्यावी लागत होती. लोक बघत होते. एकाने टोपीसुद्धा काढली.

"तवाले," वाटिसोनी मागून म्हणाला, "मापाची आहे का, एकदा आडवा पडून बघतोस?"

इनोके थांबला. गुंडाळीचं मागचं टोक त्याने वाटिसोनीच्या खांद्यावर ठेवलं, पुढचं आपल्याकडे घेतलं, आणि दोघं गाडीकडे चालायला लागले.